भजनाला गेलेल्या सासवा

"चार?" गायकवाड साहेबांनी तक्ता उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली. "मॅडम, फक्त चार? अहो, त्या पाळणाघरात मुलं सांभाळायला दोन बायका ठेवल्यात. त्या धरल्यात का यात?"

"धरल्यात, साहेब."

"म्हणजे दोनच."

आकडा माझाच होता, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

मी शैलजा देशमाने. सोलापुरात एका सरकारी कार्यालयात आकडेवारीचं काम करते. सरकार एखाद्या गोष्टीवर पैसा घालतं आणि वर्ष-दोन वर्षांनी कुणाला तरी आठवतं, की त्याचा उपयोग काय झाला ते बघायला हवं. ते बघून तक्त्यात मांडायचं, हे आमचं काम. याला मूल्यमापन म्हणतात. शब्द भारदस्त आहे, पण घरोघरी हेच चालतं. नवीन मिक्सर आणल्यावर महिनाभराने सासूबाई विचारतात, "पाट्यावरच्या चटणीपेक्षा काही बरी झाली का?" ते मूल्यमापनच.

यावेळी मिक्सरच्या जागी पाळणाघर होतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे आणि गणवेशाचे कारखाने आहेत. तिथे काम करणाऱ्या पुष्कळ बायका कुंभारीच्या बाजूच्या वस्त्यांमधून येतात. त्यातल्या एका वस्तीत सरकारी खर्चाने पाळणाघर सुरू झालं होतं. वस्तीचं नाव मी सांगणार नाही, कारण तिथली माणसं मला अजून चहाला बोलावतात. एक हॉल, दोन सेविका, दुपारी गरम जेवण, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. प्रस्तावात लिहिलं होतं, की मूल सांभाळायची सोय झाली तर महिलांचा रोजगार वाढेल. आमच्या प्रश्नावलीत, म्हणजे घरोघरी जाऊन भरायच्या फॉर्मात, त्यासाठी एक प्रश्न होता: "पाळणाघर सुरू झाल्यानंतर मातेस नव्याने रोजगार मिळाला काय?"

बहुतेक सगळ्या आयांनी "नाही" असं उत्तर दिलं होतं. "हो" म्हणणाऱ्या दोन आया आणि त्या दोन सेविका, एवढेच माझे चार. त्या आधीपासूनच कारखान्यात जात होत्या.

"मग तेव्हा मुलं कोण सांभाळायचं?" साहेबांनी विचारलं.

"सासवा."

"आणि आता सासवा काय करतात?"

मी फॉर्म चाळले. प्रत्येकावर एकच उत्तर होतं. "घरी असतात, साहेब."

"म्हणजे सरकारने खर्च करून सासवांना विश्रांती दिली." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "छान झालं. पण मॅडम, विश्रांतीला आपल्याकडे हेड नाही."

हेड म्हणजे सरकारी खर्चाचा कप्पा. रस्त्याचा वेगळा, विहिरीचा वेगळा. ज्याला कप्पा नाही त्याला पैसा नाही. साहेब माणूस वाईट नाहीत. फक्त ते कप्प्याबाहेर विचार करत नाहीत.

मग त्यांनी ड्रॉवरमधून एक पत्र काढलं. पाळणाघरावर एक देखरेख समिती होती. तिच्यात आमचे साहेब, तिथल्या शाळेचे गुरुजी आणि वस्तीचा मेंबर असे तिघे होते. पत्र मेंबरचं होतं. बसवराज त्याचं नाव. त्याने लिहिलं होतं, की ज्या घरात धडधाकट सासू आहे त्या घरचं मूल पाळणाघरात घेऊ नये, जागा गरजूंना द्यावी. वाचायला रास्त वाटेल असं पत्र. पण तो नियम लागला असता तर जवळजवळ सगळी मुलं बाहेर पडली असती, आणि पाळणाघर बंद करा असं कुणाला सांगावंही लागलं नसतं.

"पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे," साहेब म्हणाले. "तुमचे चार घेऊन मी तिथे काय बोलू?"

"मी स्वतः एकदा जाऊन येते."

पाहणी आमच्या कार्यालयातल्या दोन मुलींनी केली होती, आणि ती कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी करायची हे मी ठरवलं होतं. माणसं घरी सापडावीत म्हणून. या हुशारीबद्दल मी ऑफिसात दोनदा स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. आता मात्र मी मुद्दाम कामाचा दिवस निवडला आणि दुपारी वस्तीत पोचले.

पाळणाघर भरलेलं होतं. जेवण होऊन मुलं ओळीने झोपली होती. रेणुका नावाची सेविका एकाला मांडीवर थोपटत होती. मी तिला हळू आवाजात विचारलं, "या मुलांच्या आज्या कुठे असतात गं?"

"आज्या?" तिने मुलाकडे बघितलं, मग भिंतीकडे. "आसतील की घरी."

मी घरी गेले. पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्याला कुलूप. तिसऱ्या घराच्या ओट्यावर एक आजोबा बाजेवर पडले होते.

"आजी कुठे आहेत?"

"भजनाला गेलीया."

चौथ्या घरी रात्रपाळी करून आलेला मुलगा डोळे चोळत बाहेर आला. त्याची आई भजनाला गेली होती. पाचव्या घरच्या शेजारणीने न विचारताच सांगितलं, "भजनाला." सहाव्या घरापर्यंत मला त्या वस्तीच्या भक्तीचं कौतुक वाटायला लागलं. वस्तीच्या टोकाला एक मठ होता. मी तिथे गेले. मठात एक गृहस्थ अंगण झाडत होते.

"भजन कुठे चाललंय?"

"भजन? आज?" त्यांनी झाडू थांबवला. "भजन सोमवारी आसतंय, सांजच्याला."

मी तशीच स्टॉपवर आले. तिथे एक रिक्षावाला सावलीत बसला होता. वय पन्नाशीचं, तोंडात तंबाखू. म्हटलं, इथल्या म्हाताऱ्या बायका रोज कुठे जातात, तुम्हाला माहीत असेल.

"भजनाला," तो म्हणाला, आणि हसू आवरेना म्हणून उठून थुंकून आला. "बसा. सोडतो तुमाला भजनाला."

त्याने रिक्षा थांबवली ती एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यासमोर.

आत फिनिशिंगची खोली होती. मागावरून आलेल्या टॉवेलच्या कडा शिवून झाल्या, की लोंबणारे धागे कापायचे, डाग बघायचा, घडी घालायची. कामाला जोर लागत नाही, नजर आणि सवय लागते. खाली सतरंज्या टाकल्या होत्या. त्यांच्यावर वीस-पंचवीस बायका छोट्या कात्र्या घेऊन बसल्या होत्या. बहुतेक पन्नाशी-साठीच्या. आणि त्या खरोखर भजन म्हणत होत्या. एक सांगत होती, बाकीच्या मागून म्हणत होत्या. हात टॉवेलवर चालू होते.

मला बघून भजन थांबलं. सांगणारी बाई कपाळभर विभूती लावलेली, साठीची, अंगाने काटक. नाव निंगव्वा.

"भजन चालू आहे म्हणे," मी म्हटलं.

"चालूच हाय की. आयकू आलं न्हाय व्हय?" ती शांतपणे म्हणाली. "भजनाला जाते म्हनून सांगून निगतो. मग म्हनाय नको? देवाच्या नावावर खोटं कशाला बोलावं?"

मी ओळख सांगितली. ऑफिसचं नाव ऐकून दोघीतिघींनी पदर पुढे ओढला. निंगव्वाने सरकून मला सतरंजीवर जागा दिली.

"सुट्टीच्या दिवशी आमच्या मुली आल्या होत्या. तेव्हा तुम्ही सांगितलंत, घरीच असते."

"त्या दिशी घरीच हुतो की. सुट्टी हुती."

दोन पोरी आणि एक अधिकारी मिळून आम्ही सुट्टीच्या दिवशी विचारलं, की तुम्ही कुठे असता, आणि बायकांनी खरं तेच सांगितलं.

"पण लपवायचं कशाला, अव्वा?"

"गावात काय म्हंतील? म्हातारीला कामाला लावली म्हंतील. पोराला नावं ठेवतील, आन त्याच्या आदी सुनेला. माजी सून गुनाची हाय. तिनंच सांगितलं, आत्ती, पोरगं आता पाळनाघरात जातंय, तुमी घरात बसून काय करनार? तिच्याच वळकीनं हितं लागले." निंगव्वाने एक धागा कापून बाजूला टाकला. "माजा डबा बी तीच भरती. जलमभर मी दुसऱ्यांचं डबं भरलं, बाई. सासऱ्याचं, नवऱ्याचं, पोराचं. आता दुपारी झाकन उगडते तवा आत काय हाय ते मला ठावं नसतंय. लई बरं वाटतं बगा."

बाकीच्या हसल्या. एक म्हणाली, "हिच्या डब्यात रोज शेंगाचटनी. रोज इचारते, आज काय आसंल गं?"

"आणि मुलगा? त्याला माहीत आहे?"

हसणं थांबलं. "त्याला न्हाय सांगितलं," निंगव्वा म्हणाली. "त्यो मेंबर हाय."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पर्समध्ये बसवराजच्या पत्राची झेरॉक्स होती. ती दाखवावी की नाही याचा मी थोडा विचार केला, आणि वाचून दाखवली. सासू धडधाकट असेल तर मूल घरी ठेवावं, हे वाक्य ऐकल्यावर कात्र्या थांबल्या.

"म्हंजे मी परत घरात," निंगव्वा म्हणाली. आवाज चढला नाही, पण तो मघाचा राहिला नाही. "नातू माज्या जिवाचा तुकडा हाय. सांजच्याला माज्याच मांडीवर आसतोय. पन दिसभर त्याच्या मागं पळून गुडगं गेल्यात माजं. आन घरात मला कोन नावानं हाक मारतंय? हितं समदी निंगव्वा म्हंत्यात."

मी आमचा नियम समजावला. पाहणीत सांगितलेली माहिती गुप्त असते, अहवालात कुणाचं नाव येत नाही, फक्त बेरीज येते. मी लिहीन, "कुटुंबातील इतर प्रौढ स्त्रिया."

"वस्तीत घरं किती? इतर म्हंजे कोन, ते कोंबडीला बी कळंल," निंगव्वा म्हणाली. "काय लिव्हायचं ते लिव्हा. पन माज्या तोंडचं त्याला सांगू नका."

मी शब्द दिला.

संध्याकाळी घरी आले. माझ्या सासूबाई भाजी निवडत होत्या. माझी नोकरी पंचवीस वर्षांची आणि माझा मुलगा चोवीस वर्षांचा. हे गणित मी कधी सोडवलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "आई, नीलेश झाला तेव्हा तुम्हाला काही करायचं होतं का?"

"शिवणक्लास काढणार होते. मशीनसुद्धा बघून ठेवलं होतं." त्यांनी मेथीची एक काडी मोडली. "मग तुझी रजा संपली."

तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं. मला मात्र फार लाज वाटली. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरातली माणसं मोजत होते आणि माझ्या पगारामागे घरात कोण उभं होतं ते माझ्या एकाही तक्त्यात नव्हतं. त्या म्हणाल्या, "आता रडू नकोस, कोथिंबीर निवड." मी निवडली.

मीटिंगमध्ये मी ठरल्याप्रमाणे मांडलं. पाळणाघरामुळे आयांना नवी कामं फारशी मिळाली नाहीत, पण कुटुंबातील इतर प्रौढ स्त्रियांच्या रोजगारात चांगली वाढ झाली आहे.

"इतर म्हणजे कोण?" बसवराजने विचारलं. पस्तिशीचा, स्वच्छ पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. "आमच्या वस्तीतली एकही म्हातारी कामाला जात नाही, मॅडम. जाऊ देणार नाही आम्ही. माझ्या आईचंच बघा. नातू पाळणाघरात जायला लागल्यापासून रोज भजनाला जाते. आता भजन काय, संध्याकाळीही होईल. तिच्या नातवाच्या जागी एखाद्या निराधार बाईच्या लेकराला जागा मिळाली तर वाईट काय?"

गायकवाड साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. शाळेचे गुरुजी खोकायला लागले. त्यांना सगळं माहीत होतं हे मला नंतर कळलं. त्यांच्या घरातलंही कुणीतरी भजनाला जात होतं.

साहेबांना अडचण आली, की ते फॉर्म काढतात. त्यांनी इथेही काढला. प्रत्येक घराने स्वयंघोषणापत्र द्यायचं. म्हणजे आपल्याबद्दलची माहिती आपणच लिहून खाली सही करायची. मुलाची आई सोडून घरातल्या प्रत्येक मोठ्या बाईने समितीसमोर यायचं, दिवसा आपण काय करतो ते सांगायचं. जिथे मूल सांभाळायला कुणी मोकळं नाही त्या घरचं मूल राहील. जे घर येणार नाही त्याचं नाव कमी होईल. शनिवारी सकाळी, पाळणाघरातच.

मला हा उपाय अजिबात आवडला नाही. जी गोष्ट बायकांनी इतकी जपली होती ती त्यांनी चारचौघांत, त्यातही निंगव्वाने पोटच्या पोरासमोर बोलायची. मी साहेबांशी तावातावाने बोलले. ते म्हणाले, "मॅडम, तुम्हीही नाव सांगणार नाही आणि त्याही सांगणार नाहीत. मग मी रोजगार कुणाला मिळाला म्हणून लिहू, विठ्ठलाला?" मी रेणुकाकडे निरोप ठेवला, की शनिवारी असं असं आहे, ज्यांना यायचं त्यांनी यावं.

शनिवारी आठला आम्ही टेबल मांडून बसलो. साडेआठ झाले. आया मुलांना सोडून घाईघाईने कामाला गेल्या. टेबलाकडे कुणी फिरकलं नाही. रेणुका दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होती.

"बघा," बसवराज म्हणाला, "कोणी आलं का? मी सांगत होतो."

निंगव्वा आली नाही तर मी तिला दोष देणार नव्हते. पण पुढच्या महिन्यात ती ओट्यावर नातवामागे पळताना मला दिसेल आणि ते माझ्या चारच्या आकड्यामुळे झालेलं असेल, हे मला कळत होतं.

पावणेनऊला तोच रिक्षावाला आला. त्याच्या मागे आणखी तीन-चार रिक्षा होत्या. त्यांतून कामाला निघालेल्या बायका उतरल्या, हातात डब्याच्या पिशव्या. निंगव्वा पुढे. मागे सगळं भजनी मंडळ. ती सरळ टेबलापाशी आली.

"नाव?" साहेबांनी पेन उघडलं.

"निंगव्वा."

"दिवसा काय करता?"

तिने मुलाकडे बघितलं. घटकाभर मला वाटलं, आता ती भजन म्हणेल आणि मी कपाळाला हात लावीन.

"टॉवेलचं धागं कापते. कारखान्यात. रोज," ती म्हणाली.

"अव्वा!" बसवराज उठून उभा राहिला. "तू तर भजनाला जातेस."

"भजन बी म्हंते."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"तुज्या बापाला ठावं हाय. तुज्या बायकोला ठावं हाय. ह्या रिक्षावाल्याला ठावं हाय. तू सारका मीटिंगात आसतोस, बाबा. तुला कवा सांगायचं?"

मागच्या बायका हसल्या, गुरुजी हसले, आणि मी मान खाली घालून हसले. बसवराजचा चेहरा लाल झाला होता. मला भीती वाटली, की आता हा ओरडणार. तो ओरडला नाही. तो आईच्या हातातल्या डब्याकडे बघत राहिला. आपल्या घरातून हा डबा रोज जात होता, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा समजत होतं.

"मी कमी पडलो का, अव्वा?" त्याने हळूच विचारलं.

"तू कशाला कमी पडशील? मला जावंसं वाटतंय. म्हनून जाते."

साहेबांनी शाईचा पॅड पुढे सरकवला. निंगव्वाने तो परत त्यांच्याकडे ढकलला. "सही करते. कारखान्याच्या रजिस्टरात रोज करते की." तिने पेन मुठीत धरल्यासारखं धरलं आणि एकेक अक्षर काढायला लागली. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडत होता. बसवराजने वाकून दोन्ही हातांनी तो टेबलावर दाबून धरला. तिची सही पूर्ण होईपर्यंत त्याने हात काढले नाहीत.

मग मागची बाई पुढे आली. तिच्या मागची. कुणी टॉवेल, कुणी गणवेशाची काजं-बटणं, एक तर दुसऱ्या कुणाच्या स्वयंपाकाला जात होती. सगळ्यांनी ठासून सांगितलं. शेवटच्या दोघी-तिघींनी शेजारणीचंही सांगून टाकलं. सगळे फॉर्म भरून होईपर्यंत साडेदहा वाजले. त्या सगळ्या कामावर उशिरा पोचल्या. सुपरवायझरने कारण विचारलं तेव्हा निंगव्वा म्हणाली म्हणे, "मीटिंग हुती."

एकाही मुलाचं नाव कमी झालं नाही. उलट बसवराजनेच पुढच्या बैठकीत दुसरा हॉल मागितला, निराधार बाईच्या लेकरासाठी. साहेबांनी त्याला कप्पा शोधून दिला. माझा तक्ता बदलला. नव्या प्रश्नावलीत मी "मातेस रोजगार मिळाला काय" हा प्रश्न ठेवला, पण त्याच्या आधी दोन प्रश्न घातले: पाळणाघर नव्हतं तेव्हा मूल कुणाजवळ असायचं, आणि ती बाई आता दिवसा कुठे असते.

पंचवीस वर्षं आकडे मोजून मी एवढंच शिकले. बाईला काम मिळालं की नाही हे बघायचं असेल तर तिच्या दाराला कामाच्या दिवशी कुलूप आहे का, ते जाऊन बघावं. आणि जाण्याआधी घरी आपल्या सासूबाईंना विचारून घ्यावं. सुट्टीच्या दिवशी विचारलं तरी चालतं.